विश्लेषण : बागेतला गोल्डन रॉड वर्षभर सांभाळायचा कसा? आणि आवरायचा कसा?

लग्नातला पुष्पगुच्छ असो की महालक्ष्म्यांपुढची सजावट, गुलाब-जरबेराच्या मधल्या जागा भरणारा पिवळाधमक तुरा सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याचे नाव मात्र बहुतेक वेळा फुलवाल्यालाच ठाऊक असते. हा गोल्डन रॉड. कमी देखभालीत येणारा, वर्षानुवर्षे टिकणारा आणि एका रोपाची दहा रोपे करून देणारा, म्हणून परसबागेत तो आवडीने लावला जातो. पण एका रोपाची दहा रोपे होणे हा त्याचा गुण आहे, तसाच धोकाही. कळंबसारख्या उन्हाळ्यात तापणाऱ्या आणि काळ्या कपाशीच्या मातीच्या गावात हे झाड वर्षभर कसे जपायचे आणि कुंपणाच्या आत कसे ठेवायचे, याचा हा आढावा.

गोल्डन रॉड म्हणजे नेमके काय?

त्याचे शास्त्रीय नाव सॉलिडॅगो. या वंशात शंभराहून अधिक जाती असून त्यातल्या बहुतेक उत्तर अमेरिकेतल्या आहेत. गुच्छासाठी आणि बागेसाठी प्रामुख्याने सॉलिडॅगो कॅनाडेन्सिस ही जाती आणि तिच्यापासून तयार केलेले संकरित वाण वापरले जातात. अमेरिकेतील नेब्रास्का आणि केंटकी या राज्यांचे हे राज्यफूल आहे.

कुळ सूर्यफुलाचे. म्हणजे झेंडू, शेवंती आणि आपल्याकडचे कुप्रसिद्ध गाजरगवत ही सगळी त्याची भावंडे. आपण ज्याला एक तुरा म्हणतो त्यात शेकडो बारीक फुले दाटीने बसलेली असतात. झाड बहुवर्षायू आहे. वरचा दांडा वाळला तरी जमिनीखालचा आडवा कंद जिवंत राहतो आणि त्यातून नवे फुटवे येतात. पुढची सगळी निगा याच कंदाभोवती फिरते.

सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्यानंतर फुलणारी पिवळी सोनकी वेगळी. मोबाइलवर फोटो पाहून अनेकांचा गोंधळ होतो. सोनकी ही आपली रानफुले आहेत. गोल्डन रॉड बाहेरून आलेला आहे.

कळंबच्या हवामानात तो येतो का?

येतो, पण उन्हाळ्यात आधार लागतो. यवतमाळ जिल्ह्यातील कळंब तालुक्यात मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत जातो. मूळ थंड प्रदेशातले हे झाड या उन्हात मरत नाही, पण थांबते. पाने करपतात, दांडे खुरटतात. कंदाजवळ ओल राहिली तर मृगाच्या पहिल्या सरींनंतर ते पुन्हा उभे राहते.

फुलण्याचे गणित उन्हापेक्षा दिवसाच्या लांबीवर ठरते. दिवस मोठा असताना दांडा उंच वाढतो. दिवस लहान होऊ लागला की कळ्या धरतात. कळंबच्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस साधारण सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरमध्ये अकरा तासांच्या आसपास असतो. त्यामुळे जूनमध्ये लावलेले रोप पावसाळ्यात उंच होते आणि भाद्रपद-आश्विनात फुलते. तेच रोप डिसेंबरमध्ये लावले तर जमिनीलगत पानांचा झुबका करून बसते. हिवाळ्यातही उंच दांडे हवे असणारे व्यावसायिक शेतकरी रात्री दिवे लावून दिवस कृत्रिमरीत्या लांबवतात, ते याचमुळे.

लागवड कधी आणि कशी करावी?

पहिला दमदार पाऊस झाल्यानंतर, म्हणजे जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. बियांपेक्षा जुन्या झाडाचे मुळासकट काढलेले फुटवे लावणे सोपे आणि खात्रीचे.

अडचण येते ती मातीची. या भागातली काळी भारी माती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कंद सलग पाण्यात राहिला की कुजतो. म्हणून सपाट जागेत लागवड न करता वीतभर उंच वाफा करावा. वाफ्याच्या मातीत चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी जाड रेती मिसळावी. दोन रोपांत एक फूट अंतर ठेवावे. जागा अशी निवडावी की सकाळपासून दुपारपर्यंत ऊन मिळेल, पण उन्हाळ्यातले पश्चिमेचे ऊन भिंतीने किंवा झाडाने अडेल.

चुनखडीच्या जमिनीत पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागतो. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. माती चुनखडीची असेल तर झाडाला लोह उचलता येत नाही. अशा वेळी युरिया टाकून उपयोग नाही. शेणखत आणि कंपोस्ट वाढवावे, माती तपासून घ्यावी आणि मगच पुढचा उपाय करावा.

वाफा की कुंडी?

पहिल्यांदा लावणाऱ्याने कुंडीच निवडावी. बारा ते चौदा इंची कुंडी किंवा तळाला भोके पाडलेला जुना टब पुरतो. कुंडी थेट मातीवर ठेवू नये, खाली फरशी किंवा विटा ठेवाव्यात. नाहीतर तळाच्या भोकातून मुळे जमिनीत उतरतात आणि कुंडी केवळ नावापुरती उरते.

वाफ्यातच लावायचे असेल तर चारही बाजूंनी एक फूट खोल पत्रा, फरशी किंवा जाड प्लास्टिक उभे गाडावे. त्याची कड जमिनीच्या वर दोन बोटे ठेवावी. गोल्डन रॉडचे कंद फार खोल जात नाहीत, आडवे पसरतात. त्यामुळे एवढी भिंत त्यांना अडवायला पुरते.

भाजीच्या वाफ्याशेजारी मात्र तो लावू नये. त्याच्या मुळांतून आणि पाल्यातून निघणारी काही रसायने शेजारच्या रोपांची उगवण आणि वाढ दाबतात, हे अभ्यासांत दिसून आले आहे.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

जून ते सप्टेंबर हा वाढीचा काळ. पाऊस असेल तर वेगळे पाणी देण्याची गरज नसते. उलट वाफ्यात साचलेले पाणी लगेच काढून द्यावे. लागवडीनंतर साधारण महिन्याने रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. त्यामुळे बगलफुटी येतात, झाड बुटके आणि भरगच्च होते, वाऱ्याने आडवे पडत नाही. एकच उंच दांडा हवा असेल तर शेंडा खुडू नये, काडीचा आधार द्यावा.

खत बेताचेच द्यावे. नत्र जास्त झाले की झाड लुसलुशीत वाढते, लोळते आणि त्यावर मावा व भुरी लवकर येते. लागवडीच्या वेळचे शेणखत आणि कळ्या दिसण्याआधी एक ओंजळ गांडूळ खत बागेतल्या झाडाला पुरेसे आहे. निंदण मात्र सोडू नये. पहिल्या महिन्यात तण वरचढ झाले तर फुटवे मागे पडतात.

फुले कधी कापावीत?

वर्षभरातले सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे. तुऱ्यातली एक तृतीयांश ते निम्मी फुले उमलली की सकाळच्या गारव्यात दांडा कापावा आणि लगेच पाण्यात ठेवावा. पाण्यात बुडणारी खालची पाने काढून टाकावीत. एक-दोन दिवसांआड पाणी बदलले तर तुरा जवळपास आठवडाभर टिकतो.

वाळवून ठेवायचा असेल तर तुरा पूर्ण उमलण्याआधीच कापावा आणि जुडी बांधून सावलीत उलटी टांगावी. पिवळा रंग बराच काळ टिकतो. पूर्ण उमललेला तुरा वाळवला तर त्याच्या पांढऱ्या म्हाताऱ्या होतात आणि घरभर उडतात.

घरात नको असली तरी फुले झाडावर सुकू देऊ नयेत. प्रत्येक बीला बारीक केसांचे छत्र असते आणि एका झाडावर अशा हजारो बिया तयार होतात. तुरा पिवळ्याचा मळकट पांढरा दिसू लागला की वेळ गेली असे समजावे.

हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात काय करावे?

दिवाळीच्या आसपास बहर संपला की सगळे दांडे जमिनीपासून दोन-तीन बोटे ठेवून छाटावेत. वाफा हलका खुरपून शेणखत द्यावे. काही दिवसांत बुडातून हिरवे झुबके दिसतील, पण थंडीत ते उंच होणार नाहीत. झाड आजारी आहे असे समजून खत-पाणी वाढवू नये. या काळात आठवड्याला एक पाणी पुरते.

फेब्रुवारीत दिवस वाढू लागले की झुबके उभे राहतात. दोन वर्षे झालेली दाट झाडे विभागायची असतील तर ती याच वेळी किंवा जूनमध्ये विभागावीत. मधला जुना, कठीण भाग काढून टाकावा आणि कडेचे ताजे फुटवे ठेवावेत.

मार्चपासून खरी परीक्षा सुरू होते. वाफ्यावर सोयाबीनचे कुटार किंवा वाळल्या पाल्याचा चार बोटे थर द्यावा. ओल टिकते आणि काळ्या मातीला भेगा कमी पडतात. पाणी सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर, थेट बुडाशी द्यावे. कुंडीला रोज, वाफ्याला दोन-तीन दिवसांआड. एप्रिल-मेमध्ये हिरवी जाळी बांधावी किंवा कुंडी सावलीत हलवावी. पाण्याची टंचाई असेल तर झाड छाटून लहान करावे आणि फक्त कंद जगेल इतके पाणी द्यावे. या काळात फुलांची अपेक्षा न ठेवणे हाही निगेचाच भाग आहे.

कीड आली तर कोणती फवारणी करावी?

हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यात साधा नाही. २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला होता. वावरात उरलेले औषध घरच्या फुलझाडांवर मारण्याची सवय अजूनही अनेक घरांत दिसते. परसबागेत मुले खेळतात, कोंबड्या फिरतात, शेजारी तुळस आणि सांबार असते. म्हणून कपाशीचे उरलेले कीटकनाशक गोल्डन रॉडवर मारू नये. त्याची गरजही नसते.

मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो. पाण्याचा जोरदार फवारा किंवा शेंडा खुडणे, एवढ्यावरच बहुतेक वेळा काम भागते. तरीही राहिला तर पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारावा. पावसाच्या उघडिपीत पानांवर पांढरी भुरी येते. दाटी कमी करावी, पाणी पानांवर न मारता बुडाशी द्यावे, रोगट पाने काढावीत. तरीही ती वाढली तर पाण्यात मिसळणारे गंधक डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, ऊन तापण्याआधी फवारावे. पानाखाली तांबूस ठिपके म्हणजे तांबेरा. अशी पाने तोडून नष्ट करावीत.

फुले उमललेली असताना मात्र कोणतीही फवारणी करू नये. त्या काळात तुऱ्यांवर मधमाश्या आणि फुलपाखरांची गर्दी असते. त्याच मधमाश्या आसपासच्या तूर, भोपळा आणि कांद्याच्या परागीभवनासाठी लागतात.

गोल्डन रॉडमुळे ॲलर्जी होते का?

सर्दी-शिंका आणि दम्याचा दोष या झाडावर अमेरिकेतही चुकीने टाकला गेला. त्याच हंगामात तिथे रॅगवीड नावाचे तण फुलते. त्याचे हलके परागकण वाऱ्यावर उडतात आणि त्रास देतात. गोल्डन रॉडचे परागकण जड आणि चिकट असतात. ते वाऱ्याने फारसे उडत नाहीत, कीटकांच्या अंगाला चिकटून जातात. रॅगवीड दिसण्यात सामान्य असते, गोल्डन रॉड पिवळाधमक असतो. त्यामुळे आळ त्याच्यावर आला.

आपल्याकडे याच काळात धुऱ्यांवर, रस्त्याकडेला आणि पडीक जागेत गाजरगवत फुललेले असते. त्वचेची खाज, पुरळ आणि श्वासाचा त्रास यांचे ते माहीत असलेले कारण आहे. म्हणून शिंका सुरू झाल्या तर आधी कुंपणाबाहेर पाहावे. मात्र ज्यांना गाजरगवत किंवा शेवंती हाताळल्याने अंगावर पुरळ उठते, त्यांनी गोल्डन रॉड छाटताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. कुळ एकच असल्याने त्यांना याच्या स्पर्शानेही त्रास होऊ शकतो.

तो कुंपणाबाहेर जाऊ का द्यायचा नाही?

शोभेसाठी आणलेली झाडे रानात कशी जातात, हे आपण एकदा पाहिले आहे. घाणेरी १९ व्या शतकाच्या सुरुवातीला बागेची शोभा म्हणून भारतात आणली गेली. आज ती देशभरच्या जंगलांत पसरली असून गुरांच्या आणि वन्यप्राण्यांच्या चाऱ्याची जागा खात आहे. गाजरगवताची १९५० च्या दशकात पुण्यातून नोंद झाली आणि पुढच्या काही दशकांत ते देशभर पोहोचले. कोणी मुद्दाम पेरले नव्हते, तरी आज त्याच्या निंदणीवर दरवर्षी मजुरी खर्च होते.

गोल्डन रॉडचा इतिहासही असाच आहे. युरोपात तो १७ व्या शतकात बागेसाठी नेला गेला. आज तिथल्या पडीक शेतांत आणि नदीकाठांवर त्याचे पट्टेच्या पट्टे दिसतात. चीनमध्ये १९३० च्या दशकात शोभेचे झाड म्हणून तो पोहोचला आणि आता पूर्वेकडील प्रांतांत त्याला उपटण्याच्या मोहिमा काढाव्या लागतात. दोन्हीकडे सुरुवात एखाद्या बागेतल्या वाफ्यातूनच झाली.

विदर्भाचा उन्हाळा हा आपल्या बाजूचा पहारेकरी आहे. कोरड्या माळावर एप्रिल-मे काढणे या झाडाला अवघड आहे. पण जिथे बारमाही ओल आहे, तिथे हा पहारा चालत नाही. ओलिताचे धुरे, कालव्याच्या कडा, ओढे आणि नदीकाठ या अशा जागा आहेत. कळंब चक्रावती नदीच्या काठी आहे. चिंतामणीच्या मंदिरामुळे इथे फुलांची आणि निर्माल्याची ये-जा वर्षभर असते. बी धरलेले तुरे निर्माल्याबरोबर पाण्यात सोडले किंवा उपटलेले कंद ओढ्यात टाकले, तर बागेतले झाड वाहत्या पाण्याबरोबर कुठेही जाऊ शकते.

काढून टाकायचा असेल तर?

एप्रिल-मे ही उत्तम वेळ आहे. वरचा पाला कापून कंद कुदळीने खणून काढावेत. बोटाएवढा तुकडा मातीत राहिला तरी तो फुटतो, म्हणून माती हाताने चाळावी. काढलेले कंद उकिरड्यावर किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नयेत. खत शेतात गेले की कंदही शेतात जातात. ते फरशीवर किंवा पत्र्यावर कडक उन्हात कडकडीत वाळेपर्यंत पसरावेत.

जागा मोठी असेल तर खणल्यावर माती ओली करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरावे, कडा मातीने बंद कराव्यात आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. प्लास्टिकखाली माती इतकी तापते की उरलेले बारीक तुकडे आणि बिया बऱ्याच प्रमाणात नष्ट होतात. पुढचा पावसाळाभर नवा फुटवा दिसला की लगेच उपटावा.

विक्रीसाठी लावावा का?

नागपूरच्या फूलबाजारात गुच्छ आणि मंडप सजावटीसाठी अशा भरणीच्या फुलांना मागणी असते, लग्नसराईत ती वाढते. पण तुरा नाशवंत आहे. गुलाब-जरबेराबरोबरच तो खपतो, एकटा नाही. त्यामुळे आधी व्यापाऱ्याशी बोलणे आणि मगच लागवड हा क्रम ठेवावा. वावरात लावणाऱ्याला कुंपणाची शिस्त आणखी काटेकोर पाळावी लागेल. कपाशी किंवा तुरीच्या धुऱ्यालगत तो लावू नये, न विकलेले तुरे झाडावर सोडू नयेत आणि पीक बंद करताना कंद जमिनीत नांगरू नयेत. नांगराने एका कंदाचे पन्नास तुकडे होतात. सल्ल्यासाठी यवतमाळचे कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे.

थोडक्यात, वर्षाचे वेळापत्रक काय?

• जून-जुलै : उंच वाफ्यात किंवा कुंडीत लागवड, निचरा, निंदण.

• जुलै-ऑगस्ट : शेंडा खुडणे, काडीचा आधार, मावा-भुरीवर लक्ष.

• सप्टेंबर-ऑक्टोबर : अर्धे उमललेले तुरे कापणे. एकही तुरा बी धरेपर्यंत न ठेवणे.

• नोव्हेंबर : बुडाशी छाटणी, शेणखत.

• डिसेंबर-जानेवारी : बेताचे पाणी, वाढीची घाई नको.

• फेब्रुवारी : दाट झाडांची विभागणी, कडेचे फुटवे तपासणे.

• मार्च-मे : कुटाराचे आच्छादन, सावली, बुडाशी पाणी. नको असलेले कंद खणून उन्हात वाळवणे.

महिन्यातून एकदा कुंपणाच्या बाहेरून एक चक्कर मारावी. पिवळा तुरा किंवा ओळखीची लांबट पाने तिथे दिसली, तर ते रोप त्याच दिवशी मुळासकट काढावे. पहिल्या वर्षी हे काम दोन मिनिटांचे असते. तिसऱ्या वर्षी त्यालाच मजूर लावावे लागतात.